दोन लायसन्स, एक किल्ली

रविवारी सकाळी पामबीच रोडवर, सारसोळ्याच्या चौकात पाच मिनिटं उभे राहा आणि जोडप्यांच्या गाड्या बघा. उजवीकडे कोण बसलेलं असतं आणि डावीकडे कोण, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. गंमत अशी की यातल्या बऱ्याच घरांत लायसन्स दोन असतात. एक रोज वापरात, दुसरं तिच्या पर्समध्ये, पॅनकार्डच्या मागे. फक्त ओळखपत्र म्हणून!

आज विषय ट्रॅव्हलचा आहे. पण तिथे पोहोचायचं तर रस्ता या दुसऱ्या लायसन्सवरूनच जातो.

सेक्टर सहामध्ये सारसोळे गावाला लागून भाड्याच्या वन बीएचकेत राहणारं एक जोडपं माझ्या ओळखीचं आहे. तो ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये, ती बीकेसीत. लग्नाला पाच वर्षं झाली. मोठी सुट्टी हवी होती. समुद्र तर हवाच होता, पण ‘थायलंड सगळेच जातात यार’ हेही होतं. मग यादीत आलं फिजी. रिसॉर्टचं पॅकेज समोर होतं. बीच, स्पा, कॅण्डललाइट डिनर, सगळं रेडीमेड. ते बाजूला ठेवून दोघांनी एक छोटी गाडी भाड्याने घेतली आणि अख्ख्या बेटाला प्रदक्षिणा घालून आले.

‘पॅसिफिकमध्ये गाडी चालवायची? वेडे आहात का?’ असं घरच्यांनी विचारलंच. पण जरा हिशेब बघा. फिजीत तीनशेहून जास्त बेटं आहेत आणि त्यातलं सगळ्यात मोठं विटी लेवू. त्याच्याभोवती रस्त्याचं एक कडं आहे. दक्षिणेच्या किनाऱ्याने क्वीन्स रोड, उत्तरेकडून किंग्ज रोड. पूर्ण चक्कर साधारण पाचशे किलोमीटरची, म्हणजे नेरुळहून गोव्याला जाण्यापेक्षाही थोडी कमीच. रस्त्याची बाजू आपलीच, डावी. स्टीअरिंग उजवीकडे. पाट्या इंग्रजीत. भारतीय पासपोर्टला आधी व्हिसा काढायची गरज नाही, चार महिन्यांपर्यंतचा परवाना विमानतळावर मिळतो. अट एवढीच की परतीचं तिकीट दाखवावं लागतं. (हे परतीचं तिकीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.) मुंबईहून थेट विमान नाही, सिंगापूर किंवा हाँगकाँगमार्गे जावं लागतं. ऑस्ट्रेलियामार्गे जाणार असाल तर तिथल्या ट्रान्झिट व्हिसाचं आधी बघा.

लायसन्स इंग्रजीत असेल तर ते तिथे चालतं. तरी आरटीओकडून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून ठेवलेलं बरं, ते वर्षभर चालतं. आणि खरी टिप ही: परमिट दोघांचं काढा. गाडीच्या करारावर ड्रायव्हर म्हणून नाव दोघांचं घाला. ज्याचं नाव कागदावर नाही त्याने गाडी ठोकली तर इन्शुरन्स हात वर करतो.

आमच्या जोडप्याने दोन्ही नावं घातली. पण ती नुसती फॉर्मॅलिटी होती, हे दोघांनाही ठाऊक होतं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी सोसायटीच्या पार्किंगमध्ये तिच्या हातून खांबाला गाडी घासली होती. कोणी ओरडलं नाही. कोणी काही बोललंही नाही. फक्त तेव्हापासून किल्ली तिच्या हातात आली नाही, आणि तिनेही कधी मागितली नाही. लग्नात अशा कितीतरी गोष्टी न बोलता ठरतात आणि मग कायमच्या होऊन बसतात.

प्रवास सुरू होतो तो विमानतळाच्या गावातून. नकाशावर तुम्ही ‘नाडी’ वाचाल, पण म्हणायचं ‘नांदी’. मराठी माणसाला यापेक्षा छान सुरुवात कुठली मिळणार? गावाच्या टोकाला सुब्रमण्य स्वामींचं रंगीबेरंगी गोपुराचं देऊळ आहे, अगदी चेन्नईतून उचलून आणल्यासारखं. तिथून दक्षिणेला निघालात की तासा-दीड तासात सिंगाटोकाच्या वाळूच्या टेकड्या येतात. १९८९ साली जाहीर झालेलं हे फिजीचं पहिलं नॅशनल पार्क. या वाळूतून हजारो वर्षांपूर्वीच्या मडक्यांचे तुकडे वर येतात. पुढे कोरल कोस्ट. रस्ता, नारळ आणि समुद्र, तिघंही एकमेकांना चिकटून.

वेगमर्यादा मोकळ्या रस्त्यावर ८०, गावातून ५०. आणि गाव आलं की स्पीडब्रेकर हजर. गाई, घोडे, शाळकरी पोरं, सगळे रस्त्यावर. त्यामुळे ‘पाचशे किलोमीटर म्हणजे एका दिवसाचं काम’ हा आपला एक्स्प्रेस-वेवाला हिशेब तिथे चालत नाही. सहा दिवस हातात ठेवा आणि अंधार पडला की गाडी लावून टाका.

गोष्टीला वळण मिळालं ते तिसऱ्या दिवशी. कोरल कोस्टवरच्या एका गावात त्यांना पाहुणचार होता. फिजीतल्या गावात असंच घुसायचं नसतं. टोपी आणि गॉगल काढायचे, खांदे-गुडघे झाकायचे, कावाच्या मुळ्यांची जुडी न्यायची आणि ती गावच्या वडीलधाऱ्यांपुढे ठेवायची. याला म्हणतात सेवूसेवू. मग त्याच मुळ्यांची पूड पाण्यात कालवून नारळाच्या करवंटीतून देतात. आधी एक टाळी, ‘बुला!’, एका दमात पिणं, मग तीन टाळ्या. चव मातीच्या पाण्यासारखी. जीभ बधीर होते आणि अंग सैल पडतं. नवरोबांनी मान राखण्यासाठी तीन करवंट्या घेतल्या. तिने एकही घेतली नाही. दारू घेऊन गाडी चालवायची नाही हे आपल्याला पाठ आहे, कावालाही तोच नियम लावायचा. रात्रीचं बुकिंग होतं सुवाला, आणि दुपारचे दोन वाजले होते.

किल्ली त्याने दिली की तिने घेतली, यावर त्यांचं अजूनही एकमत नाही.

पहिली वीस मिनिटं तो डाव्या सीटवर बसून पायाने नसलेला ब्रेक दाबत होता. ‘ट्रक आहे.’ ‘दिसतोय.’ ‘गिअर.’ ‘ऑटोमॅटिक आहे.’ त्यानंतर तो गप्प झाला. कावामुळे की शहाणपणामुळे, देव जाणे. ती मात्र सुवापर्यंत व्यवस्थित गेली, राजधानीच्या संध्याकाळच्या ट्रॅफिकसकट. हॉटेलच्या पार्किंगमध्ये दोन खांबांच्या मधोमध तिने गाडी लावली आणि इंजिन बंद करून दोन मिनिटं तशीच बसून राहिली. तो काही बोलला नाही. पण या वेळचं न बोलणं वेगळं होतं.

सुवात एक दिवस द्या. थर्स्टन गार्डन्समधलं फिजी म्युझियम बघा, बाजारात फिरा. बाजारात ढिगाने दिसतील ते डालोचे कंद, म्हणजे आपलं अळू! त्याची पानं नारळाच्या दुधात शिजवतात, त्याला म्हणतात रोरो. चिंचगूळ नाही, पण फतफत्याशी नातं जवळचंच. तापवलेल्या दगडांवर, खड्ड्यात मांस आणि कंद भाजतात तो लोवो. पोपटीच्या मोसमात मडक्याभोवती रात्र जागवणाऱ्या आगरी-कोळी मंडळींना तो प्रकार समजावून सांगावा लागणार नाही. आणि लिंबात मुरवलेली कच्ची मासळी नारळाच्या दुधात घालतात, तो कोकोडा. सारसोळे जेट्टीवर ताजी मासळी हेरणाऱ्याने हा चुकवू नये.

आता किंग्ज रोड. सुवाहून निघालात की नौसोरीला रेवा नदी ओलांडायची. याच नदीच्या मुखाजवळ, नसिलाईच्या प्रवाळखडकावर ११ मे १८८४ रोजी ‘सीरिया’ नावाचं जहाज आदळलं. त्यात कलकत्त्याहून निघालेले जवळपास पाचशे भारतीय मजूर होते. पन्नासहून अधिक जण बुडाले.

ते कशाला येत होते, याचं उत्तर पुढच्या वळणांवर मिळत जातं. राकीराकीपासून तावुआ, बा आणि लाउटोकापर्यंत ऊसच ऊस. जून ते डिसेंबर गाळपाचा हंगाम. रस्त्यावर उसाने लादलेले ट्रक, शेतांमधून छोट्या रेल्वेचे रूळ. एका क्षणी वाटतं, आपण कोल्हापूर-सांगलीच्या बाजूला आहोत. फक्त डोंगरामागे सह्याद्री नाही.

या टप्प्यात गाडी ती चालवत होती. नांदीहून दक्षिणेकडून प्रदक्षिणा घातली की समुद्र कायम उजवीकडे, ड्रायव्हरच्या बाजूला राहतो. डावीकडच्याला मिळतात गावं, शेतं आणि डोंगर. तो म्हणाला, ‘पहिले तीन दिवस मी फक्त रस्ता बघत होतो. फिजी बघायला लागलो ते डावीकडे बसल्यावर.’ उसाच्या मधोमध पत्र्याची घरं, छोटी देवळं, मशिदी. पाण्याची बाटली घ्यायला थांबले तिथला दुकानदार त्यांच्याशी भोजपुरी वळणाच्या हिंदीत बोलायला लागला. त्याच्या घरातून भारतात परत कोणीच गेलं नव्हतं.

आपल्याकडे गिरमिट म्हणजे सुताराचं भोक पाडायचं हत्यार. तिथे गिरमिट म्हणजे ‘अ‍ॅग्रीमेंट’. अंगठा उठवून केलेला पाच वर्षांचा करार. ‘लिओनिडास’ हे पहिलं जहाज १४ मे १८७९ला फिजीत पोहोचलं, आणि १९१६पर्यंत सुमारे साठ हजार माणसं अशी आणली गेली. जहाजं सुटत कलकत्त्याहून आणि नंतर मद्रासहूनही, म्हणून मराठी आडनावं तिथे फारशी भेटत नाहीत. करार संपला की स्वखर्चाने परत जा. फुकट तिकीट हवं असेल तर आणखी पाच वर्षं थांबा. एकूण दहा. परतीचं तिकीट दाखवल्याशिवाय आपल्याला आज ज्या बेटावर उतरता येत नाही, तिथे ते मिळवायला या लोकांचं अर्धं तारुण्य जायचं. बहुतेक जण राहूनच गेले.

आणि राहायला काय? मळ्यांवरच्या ‘लाइनीं’मध्ये साधारण दहा फूट बाय सात फुटांची खोली. तीन एकटे पुरुष, नाहीतर एक नवरा-बायको आणि त्यांची पोरं, एवढ्या जागेत. आपल्या वन बीएचकेचा हॉलसुद्धा यापेक्षा मोठा असतो. दर शंभर पुरुषांमागे चाळीस बायका आणायच्या, असा सरकारी नियम होता. त्या बायकाही दिवसभर शेतात राबत.

मराठी धागा आहे तो इथे. ४ मार्च १९१२ रोजी गोपाळ कृष्ण गोखल्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात ठराव मांडला की ही करारी मजुरी बंद करा. सरकारी मतांच्या जोरावर तो पाडला गेला. पण विषय मिटला नाही. १ जानेवारी १९२०ला फिजीतले उरलेसुरले करार रद्द झाले. गोखले ते बघायला नव्हते, ते १९१५मध्येच गेले. २०२३पासून फिजीत गिरमिट दिनाची सार्वजनिक सुट्टी असते.

आणखी एक गोष्ट डाव्या खिडकीतून कळते. तिथली जवळपास नव्वद टक्के जमीन मूळ फिजीयन कुळांच्या सामायिक मालकीची आहे. ती विकता येत नाही. ऊस पिकवणारा भारतीय वंशाचा शेतकरी ती भाडेपट्ट्याने कसतो, आणि पट्टा संपला की पुढे काय, हा त्याच्या घरातला कायमचा प्रश्न. १९८७ आणि २०००च्या सत्तापालटांमागे या दोन समाजांमधला ताण होताच. सारसोळ्याच्या जुन्या माणसाला जमिनीचं हे दुखणं वेगळ्या शब्दांत ठाऊक आहे. १९७०मध्ये सिडको आली, जमिनी संपादित झाल्या आणि भाताच्या खाचरांचे सेक्टर झाले. म्हणून तिथे गाडी थांबवून कुणाच्या शेतात, कुणाच्या किनाऱ्यावर शिरण्याआधी विचारा. ‘रिकामं’ दिसतं ते रिकामं नसतं.

हे सगळं रिसॉर्टच्या स्विमिंग पूलमधून दिसत नाही. त्यासाठी रस्त्यावर यावं लागतं, हळू जावं लागतं, आणि दोघांपैकी एकाला तरी मोकळे डोळे लागतात.

आता प्रॅक्टिकल. जायचं मे ते ऑक्टोबरमध्ये. नोव्हेंबर ते एप्रिल वादळांचा काळ. फेब्रुवारी २०१६मध्ये ‘विन्स्टन’ने राकीराकीच्या बाजूला हाहाकार केला होता. ऑफलाइन मॅप डाउनलोड करा, किंग्ज रोडवर नेटवर्क गायब होतं. रविवारी दुकानं बरीचशी बंद असतात, म्हणून टाकी शनिवारीच भरून घ्या. काच आणि टायर इन्शुरन्समध्ये येतात का, ते सही करण्याआधी वाचा. ड्रायव्हर दर शंभर किलोमीटरला बदला, मूड असो वा नसो. डावीकडे बसणाऱ्याचं काम दोनच गोष्टींचं: गाणी लावणं आणि खिडकीबाहेर बघणं. ब्रेक त्याच्या बाजूला नाही, हे त्याने मान्य करायचं.

आणि तिकिटं काढण्याच्या दोन महिने आधी पर्समधलं ते दुसरं लायसन्स बाहेर काढा. मुदत संपलेली असेल तर रिन्यू करा. एखाद्या सकाळी सहाला, रस्ते रिकामे असताना, बेलापूरपर्यंत तिला घेऊन जाऊ द्या. गाडी कुठे घासली तर घासू दे, टचअपला फार खर्च येत नाही.

गाडी भाड्याने देणारा काउंटरवर विचारेल, ‘ड्रायव्हर किती?’ दोघांनीही एकदम सांगा, ‘दोन.’