आरोग्यचिंतन : मेंदूच्या आघाताची खूण रक्तात सापडेल काय?

छातीत कळ येऊन रुग्ण इस्पितळात पोहोचला की डॉक्टर ईसीजीबरोबर रक्तातील ट्रोपोनिन तपासतात. हृदयाच्या स्नायूस इजा झाली असल्यास ते वाढलेले आढळते. पक्षाघातासाठी मात्र अशी भरवशाची रक्तचाचणी अद्याप रूढ झालेली नाही. हा आघात दोन प्रकारे होतो : मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होते, किंवा ती फुटून रक्तस्राव होतो. बाह्य लक्षणे पुष्कळदा सारखीच; उपचार मात्र परस्परविरुद्ध. गुठळी विरघळविणारे औषध रक्तस्रावात दिल्यास जिवावर बेतू शकते. म्हणून आधी सीटी स्कॅनसारखी तपासणी करावीच लागते.

ही उणीव भरून काढण्याची आशा संशोधकांना मायक्रोआरएनएमध्ये दिसते. सुमारे २२ घटकांच्या या इवल्या साखळ्या पेशीत कोणते प्रथिन किती बनावे यावर अंकुश ठेवतात. १९९३ साली एका सूक्ष्म कृमीच्या अभ्यासातून त्यांचे कार्य उजेडात आणणारे व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन २०२४ च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. या साखळ्या रक्तातही असतात आणि प्रथिनांच्या किंवा सूक्ष्म पिशव्यांच्या आवरणामुळे तेथे टिकून राहतात. त्यांपैकी ‘मायआर-१२४’ प्रामुख्याने मेंदूच्या पेशींत आढळते. उंदरांच्या मेंदूची रक्तवाहिनी बंद केल्यावर त्यांच्या रक्तात तिचे प्रमाण वाढलेले दिसले.

मग चाचणी का नाही? वय, मधुमेह, रक्तदाब यांमुळेही ही प्रमाणे बदलतात. नमुना घेताना तांबड्या पेशी फुटल्या तर त्यांतील मायक्रोआरएनए मिसळून निष्कर्ष फसतो. शिवाय नेहमीच्या पद्धतीने मोजणीस काही तास लागतात, आणि रुग्णापाशी तेवढे तास नसतात. तथापि हा मार्ग मृगजळ नव्हे. डोक्याच्या सौम्य दुखापतीनंतर सीटी स्कॅनची गरज आहे की नाही हे ठरविण्यास साहाय्य करणाऱ्या, दोन प्रथिनांवर आधारित रक्तचाचणीला अमेरिकेत २०१८ साली मान्यता मिळाली आहे.

वाचकहो, तोवर आपल्या हाती घड्याळ आहे. मोठी रक्तवाहिनी बंद झाल्यास दर मिनिटाला सरासरी १९ लाख मज्जापेशी नष्ट होतात, असा अंदाज आहे. आणि गुठळीवरील औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते. पेढीवर वा घरी कोणाचे तोंड अचानक वाकडे झाले, एक हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर ‘थोडे पडू द्या, बरे वाटेल’ असे म्हणू नये. लक्षणे कधी सुरू झाली ती वेळ टिपावी. तोंडात पाणी घालू नये. रक्तस्राव असू शकतो म्हणून ॲस्पिरिनही आपल्या मनाने देऊ नये. सीटी स्कॅनची सोय अहोरात्र असलेले जवळचे रुग्णालय कोणते, हे मात्र आजच घरातील सर्वांना ठाऊक करून द्यावे.