माळ्यावरची जॅग्वार

रविवारी सकाळी साडेसहाला उठणाऱ्या माणसांकडे मी पूर्वी संशयानेच बघायचे. आता मी त्यांच्यातलीच एक झालेय. ट्रेक नाही, योगा नाही, आणि जिमचं तर नावच काढू नका. मी जाते जुन्या बाजारात. मंगळवार पेठेत, कुंभारवेशीच्या बाजूला, दर बुधवारी आणि रविवारी रस्त्यावर ताडपत्र्या अंथरून भरतो तो. बुधवारी तुम्ही-आम्ही कामात, म्हणजे उरला रविवार. त्यातही दहानंतर पोचलात तर चांगला माल डीलर लोकांनी कधीच उचललेला असतो. तुमच्या वाट्याला येतात ते रिमोट. पुण्यात एवढे टीव्ही तरी होते का, असा प्रश्न पडावा इतके रिमोट!

माझा शोध खेळण्यांचा. किल्ली दिली की टुणटुण उड्या मारणारी पत्र्याची बेडकं, व्ह्यू-मास्टर, ओतीव धातूच्या छोट्या गाड्या. 'लहानपणी खेळणी मिळाली नाहीत का गं तुला?' असं लोक विचारतात. मिळाली की. पण एका दिवाळीत आईने सगळी वाटून टाकली. हा छंद असलेल्या कुणालाही विचारा, कहाणीत आवराआवर करणारी एक आई असतेच.

माझी मामेबहीण अमेरिकेत असते. तिकडे म्हणे 'इस्टेट सेल' लागतात. घरातलं म्हातारं माणूस गेलं किंवा वृद्धाश्रमात गेलं, की अख्खं घर उघडतात. चमच्यापासून सोफ्यापर्यंत प्रत्येक वस्तूला किमतीची चिठ्ठी. लोक पहाटेपासून रांगा लावतात आणि शेवटच्या दिवशी उरलेलं सगळं निम्म्या किमतीत. अनोळखी माणसं तुमच्या आजीच्या कपाटात हात घालतायत, ही कल्पनाच मला आधी कशीतरी वाटली. मग लक्षात आलं, आपल्याकडेही हेच चालतं. फक्त त्याला रीडेव्हलपमेंट म्हणतात.

बिल्डरने तारीख दिली की वाडा जागा होतो. चाळीस वर्षं कुणी न चढलेल्या माळ्याला शिडी लागते. तांब्याचा बंब, पितळी डबे, घंगाळं वजनावर जातं. पुस्तकं रद्दीत. खेळण्यांचं काय? त्यांना वजन नाही, म्हणून किंमत नाही. भंगारवाला ती वरकड म्हणून फुकटात पोत्यात टाकतो. मग ते पोतं फिरत फिरत जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात उघडतं. (व्हिक्टोरिया राणीच्या चोरीला गेलेल्या व्हायोलिनची गोष्ट चोर बाजारावरच्या प्रत्येक लेखात असते. या लेखात ती नाहीये, समजून घ्या.) सगळा खेळ आहे तो पोत्याआधी पोचण्याचा.

पुण्यात हा खेळ कुणी खेळला ते वेगळं सांगायला नकोच. दिनकर केळकरांनी 1920 च्या सुमारास सुरुवात केली. दिवे, अडकित्ते, दरवाजे... लोकांना नकोशी झालेली प्रत्येक गोष्ट ते गोळा करत गेले. लहानपणीच गेलेल्या राजा नावाच्या मुलाच्या आठवणीत संग्रहालय उभं केलं आणि 1962 मध्ये हजारो वस्तू सरकारच्या हवाली केल्या. बाजीराव रोडवर आजही बघता येतात. माझा संग्रह भाड्याच्या फ्लॅटमध्ये बेडखाली आहे आणि बघायला फक्त घरमालक येतात, तेही चेहरा वाकडा करून.

आता थोडं धंद्याचं शिक्षण. जुन्या खेळण्यावर साल क्वचितच छापलेलं असतं, पण खोकं बोलतं. किंमत आण्यांत असेल तर ते 1957 च्या आधीचं, कारण त्या वर्षी 1 एप्रिलला दशमान नाणी आली. 'नये पैसे' असं असेल तर बहुतेक 1957 ते 64 मधलं, पुढे त्यातलं 'नये' गळालं. पत्त्यात नुसतं 'मुंबई 4' किंवा 'कलकत्ता 1' असेल आणि सहा आकडी पिनकोड नसेल, तर बहुधा 15 ऑगस्ट 1972 च्या आधीचं. पत्र्याच्या खेळण्यावर 'मेड इन ऑक्युपाइड जपान' दिसलं तर किंचाळू नका, दुकानदार भाव वाढवेल. ती दुसऱ्या महायुद्धानंतरची, अमेरिकेच्या ताब्यातल्या जपानची खूण, 1952 पर्यंतचीच. व्ह्यू-मास्टरचं रीळ घेताना उजेडाकडे धरून बघा. एका रिळात सात देखावे, म्हणजे चौदा चित्रं. कोडॅक्रोम फिल्मवरची जुनी रिळं अजून टवटवीत असतात. नंतरच्या कित्येक रिळांमध्ये आभाळ, झाडं, माणसं, सगळंच गुलाबी झालेलं असतं. आणि फारच चकाचक दिसणारी जुनी गाडी घेऊच नका. नवा रंग मारलेला असतो. खरा रंग कोपऱ्यांवर झिजतो, कारण तिथेच पोरं ती आपटतात.

एवढं शहाणपण असलेली मुलगी एका आजींशी कशी वागली, ते आता सांगते.

मैत्रिणीच्या सदाशिव पेठेतल्या वाड्याला रिकामं करायची नोटीस आली होती. ती म्हणाली, 'शेजारच्या आजी माळा काढतायत, येतेस का?' मी रिक्षानेच गेले, बसची वाट कोण बघणार! आजी पंच्याऐंशीच्या. ओच्याला धूळ, हातात यादी. माझ्यापुढे एक गंजका बिस्किटांचा डबा सरकवून म्हणाल्या, 'बघ गं यात काही कामाचं आहे का. नाहीतर तो भंगारवाला येतोय चारला.'

डबा उघडला. गोट्या, तुटका भोवरा, दोन शिसाचे सैनिक आणि तळाशी एक पिवळटलेलं पुठ्ठ्याचं खोकं. खोक्यात जॅग्वार. तळ उलटा केला आणि माझा श्वास अडकला. निकी टॉइज!

का अडकला ते सांगायला हवं. डिंकी टॉइज या इंग्लंडच्या, लिव्हरपूलला बनणाऱ्या गाड्या. 1930 च्या दशकात सुरू झाल्या आणि 1979 मध्ये तो कारखाना बंद पडला. पण त्याच्या बरंच आधी, साठचं दशक सरताना, त्यांचे काही जुने साचे भारतात विकले गेले. कलकत्त्यात त्याच साच्यांतून गाड्या निघू लागल्या. तळावरचं डिंकी नाव काढून तिथे निकी घातलं. ओतकाम जरा ओबडधोबड, रंग जाड, पण आपलं. जगभरचे डिंकीवाले या गाड्यांसाठी तडफडतात, आणि खोक्यासकट असेल तर विचारूच नका.

आजींनी विचारलं, 'याचं काही येतं का गं?'

आणि मी म्हणाले, 'फारसं नाही हो आजी. आठवण म्हणून ठीक आहे.'

वाक्य तोंडातून किती सहज गेलं! प्रॅक्टिस होती ना. ताडपत्रीवरच्या माणसाशी आम्ही असंच बोलतो. तोही आमच्याशी तसंच बोलतो, त्याला धंदा माहीत असतो. पण आजींना माहीत नव्हता. डब्याचे मी तीनशे दिले. वर त्यांनी चहा पाजला आणि बेसनाचा लाडू दिला. लाडू चांगला होता, हे जास्त वाईट.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या डीलरला फोटो पाठवला. उत्तर लगेच आलं, 'साडेचार हजार, आत्ता.' म्हणजे खरी किंमत त्याहून जास्तच. दोन दिवस मी ती जॅग्वार टेबलावर ठेवून लॅपटॉपवर काम करत होते. एका बँकेच्या माहितीपत्रकाचं भाषांतर. 'आपला विश्वास हीच आमची ठेव' असल्या ओळी लिहायच्या आणि समोर ही गाडी!

तिसऱ्या दिवशी गेले. वाड्याला कुलूप. आजी सिंहगड रोडला भाड्याच्या जागेत गेल्या होत्या. मैत्रिणीकडून पत्ता काढून तिथे पोचले आणि दारातच सगळं ओकून टाकलं. डीलर, साडेचार हजार, मी खोटं बोलले, सॉरी.

मला वाटलं होतं, त्या डोक्यावरून हात फिरवतील किंवा हाकलून देतील. त्यांनी चष्मा लावला.

'साडेचार म्हणतो ना तो? म्हणजे वस्तू सहाची असणार. तू तीनशे दिलेस. आणखी चार हजार दे, उरलेले दोनशे तुझे रिक्षाचे.'

मी दिले. जीपे त्यांच्याकडे होतं. पैसे आल्याचा आवाज होईपर्यंत त्यांनी फोन खाली ठेवला नाही.

मग त्यांनी न्यू जर्सीतल्या मुलाला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे रात्रीचे अकरा वाजले होते. साठीचे काका झोपेच्या कपड्यांत समोर आले. मी गाडी कॅमेऱ्यापुढे धरली. ते बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, 'आई, ही माझी नाहीये.'

'म्हणजे?'

'समोरच्या खोलीतल्या मास्तरांच्या मुलाची. मी खेळायला आणली होती. परत द्यायच्या आत ते खोली सोडून गेले. तो किती रडला होता... तुम्ही सगळ्यांनी त्यालाच बोलणी दिलीत, की नीट सांभाळत नाही म्हणून.'

आजींनी माझ्याकडे बघितलं. मी गाडीकडे. चार हजार तीनशे रुपये माझे गेलेले, गाडी माझी की नाही ते कळेना, आणि पलीकडे काका आठवत होते की मास्तर कोथरूडला गेले की कर्वेनगरला.

गेले तीन आठवडे आजी रोज एकेका जुन्या भाडेकरूला फोन लावतायत. काल त्यांचा मेसेज आला, मास्तरांच्या मुलीचा नंबर मिळालाय. शनिवारी चार वाजता दोघी मिळून फोन करायचा आहे. गाडी घेऊन ये, म्हणाल्या, आणि खोकं विसरू नकोस.