अर्ध्या चौकटीचा कॅमेरा

जपानच्या रिको इमेजिंग कंपनीने २०२४ साली ‘पेंटॅक्स १७’ हा फिल्मवर चालणारा नवा छोटा कॅमेरा बाजारात आणला. फिल्मवरील नेहमीची चौकट ३६ × २४ मि.मी.; याची १७ × २४. त्यामुळे ३६ चित्रांच्या रिळात ७२ चित्रे! फिल्म महाग असताना हा मोह मोठाच. परंतु १५ सें.मी. लांबीचे चित्र छापायचे तर नेहमीची चौकट सुमारे चौपट वाढवावी लागते, ही सव्वासहापट. साहजिकच फिल्मचे कण अधिक ठळक दिसतात.

अंतर नजरेने अजमावून भिंगाचे कडे सहा खुणांपैकी एकीवर आणायचे. अनेकांना ही उणीव वाटते; मला वाटत नाही. भिंगाचे नाभीय अंतर अवघे २५ मि.मी. असल्याने पुढच्या-मागच्या बऱ्याच वस्तू स्पष्ट उमटतात, आणि अंदाज थोडा चुकला तरी चालते. (अगदी जवळच्या फुलाच्या बाबतीत मात्र नाही!)

मला खटकते ते वेगळेच. झडपेचा वेग आणि भिंगाचे छिद्र कॅमेराच ठरवतो. आपण प्रकाश फार तर थोडा कमीजास्त करू शकतो. सुरुवातीची किंमत सुमारे ५०० डॉलर. एवढे पैसे मोजणाऱ्या विद्यार्थ्याला अंतर अजमावू दिले, तर प्रकाश का अजमावू देऊ नये?