फलकावरचा शब्द आणि परवलीचा शब्द

महामार्गावरचा विजेचा फलक म्हणजे केवळ दिव्यांची चौकट नव्हे. तो शासनाने प्रवाशाला दिलेला शब्द असतो. ‘पुढे दाट धुके’, ‘डावी मार्गिका बंद’ असे फलक सांगतो आणि भरधाव वाहनाचा चालक त्यावर विसंबून वेग आवरतो. सूचनेची शहानिशा करण्याइतकी सवड त्याला नसते. म्हणून या फलकाचा ताबा कोणाकडे आहे, हा प्रश्न थेट प्राणांशी निगडित आहे.

जानेवारी २००९ मध्ये अमेरिकेतील ऑस्टिन शहरात, टेक्सास विद्यापीठाच्या परिसरातील एका फलकावर ‘पुढे झॉम्बी आहेत’ अशी अक्षरे झळकली. चालत्या प्रेतांच्या या इशाऱ्याने लोकांची करमणूक झाली. परंतु तेव्हा निदान फलकापाशी जावे लागले होते. २०१४ मध्ये नॉर्थ कॅरोलिना राज्यातील महामार्गांवर एका उपद्व्यापी हॅकरने दूर बसून, नेटवर्कच्या वाटेने, अनेक फलकांवर आपले टोपणनाव कोरले. म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो, तो असा.

यात अलौकिक बुद्धिमत्ता लागली असे मानण्याचे कारण नाही. जून २०१४ मध्ये अमेरिकेच्या औद्योगिक नियंत्रण यंत्रणांच्या सायबर सुरक्षा पथकाने जो इशारा दिला, त्याचे सार साधे होते : कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द बदला, फलक सार्वजनिक इंटरनेटवर उघडा ठेवू नका, नको असलेले प्रवेशमार्ग बंद करा. घराला भक्कम दार बसवायचे आणि किल्ली उंबऱ्यावर ठेवायची, असाच हा प्रकार होता.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरही संदेश बदलणारे फलक आज उभे आहेत. सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवण्याचे बंधन ‘सर्ट-इन’ने २०२२ मध्ये घातले. ते योग्यच आहे. पण ती वरात गेल्यानंतरची नोंद झाली. खरी दक्षता निविदेच्या कागदावर सुरू झाली पाहिजे. परवलीचा शब्द बदलल्याशिवाय फलक ताब्यात घेऊ नये, नियंत्रणपेटीच्या कुलपाची व प्रणालीच्या अद्ययावतीकरणाची जबाबदारी कोणाची, हे करारातच लिहावे आणि वर्षातून एकदा त्रयस्थ तपासणी व्हावी. खर्चाच्या मानाने ही कामे किरकोळ आहेत.

खोट्या संदेशाने होणारी खरी हानी दुसऱ्या दिवशी कळते. काल ज्या फलकाने थट्टा केली, त्याने आज घाटात दरड कोसळल्याचे सांगितले, तर चालक ब्रेकवर पाय ठेवील का? रस्त्यावरचा हा विश्वास उभारण्यास वर्षे लागतात. तो जपण्यासाठी एक परवलीचा शब्द बदलण्याचे कष्ट प्रशासनाने घ्यावेत आणि ते घेतले का, हे नागरिकांनी विचारीत राहावे.