कर्णा चकाकतो, सूर हरवतो

जुन्या ग्रामोफोनचा शौक हल्ली दिवाणखान्याच्या शोभेपुरता उरला आहे. मुंबईच्या चोरबाजारात पितळी कर्ण्याची यंत्रे ‘अँटिक’ म्हणून मिळतात. त्यांतल्या पुष्कळांची पेटी नवी, कर्णाही नवा. जुने काय ते आतले मोटर आणि साउंडबॉक्स. तेही बहुधा एखाद्या साध्या, बिनकर्ण्याच्या पोर्टेबलमधून उपसलेले! एक खोटे यंत्र सजवण्यासाठी एक खरे मोडायचे, हा कसला संग्रह?

मला कर्ण्याचा मोह नाही. मी जमवतो ते साउंडबॉक्स, स्प्रिंगा, सुयांच्या डब्या. कारण तबकडीचे आयुष्य या क्षुल्लक वस्तूंवर अवलंबून असते. लाखेच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीत मुद्दाम खरखरीत भुकटी घातलेली असे. ती पोलादी सुईला घासून खाचेच्या मापाची करते. म्हणूनच एका बाजूला एक सुई, हा नियम. झिजलेली सुई पुन्हा लावली की ती खाचच कातते. अभ्रकाच्या पडद्याभोवतीचे रबर कडक झाले, तर सूर फाटलाच म्हणून समजा.

‘आता सारे संगणकावर मिळते, मग हा खटाटोप कशाला?’ असे कोणी विचारील. मिळते खरे, पण १९०२ साली कोलकात्यात गायलेली गौहर जान आपल्यापर्यंत आली, ती कुणीतरी सांभाळलेल्या तबकडीवरूनच. अजून न उतरवलेल्या कितीतरी तबकड्या माळ्यांवर पडून असतील.

तेव्हा आजोबांची पेटी सुट्या भागांसाठी विकू नका. रबर बदला, स्प्रिंगला ग्रीस द्या, नव्या सुया आणा. कर्णा नसला तरी चालेल.