‘रुग्ण उशिरा आणला’ म्हणणाऱ्यांना आमचा सवाल

साथीचे दिवस आले की ग्रामीण दवाखान्याच्या दारात लोकांचा संताप उफाळून येतो. औषध संपले, डॉक्टर नाहीत, गाडी बाहेर गेली आहे, असे ऐकून ऐकून माणूस चिडतो आणि समोर दिसेल त्या नर्सवर, शिपायावर तुटून पडतो. हा संताप खोटा नाही. पण तो ज्यांच्यापर्यंत पोहोचायला हवा त्यांच्यापर्यंत कधीच पोहोचत नाही, हे आमचे खरे दुखणे आहे. नर्सने पदे रिक्त ठेवलेली नसतात. शिपायाने अंदाजपत्रक केलेले नसते. ज्यांनी हे केले ते मंत्रालयात सुखरूप असतात.

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्यातील दोन ग्रामीण तालुके. 2011 च्या जनगणनेनुसार दोन्ही मिळून पाच लाखांवर लोकसंख्या. शहापुरात सुमारे एक तृतीयांश आदिवासी. कातकरी, ठाकर, वारली, महादेव कोळी यांच्या वाड्या-पाडे डोंगरकपारीत विखुरलेले. याच शहापूर तालुक्यातून तानसा, भातसा या धरणांचे पाणी मुंबईला जाते. एकट्या भातसाचे पाणी मुंबईच्या पुरवठ्याच्या जवळजवळ निम्मे भरते. आणि उन्हाळ्यात त्याच शहापूरच्या पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. पाणी घाण मिळाले की जुलाब, कावीळ, विषमज्वर आलेच. म्हणजे आजाराचे मूळही व्यवस्थेत आणि उपचाराचा अभावही व्यवस्थेतच!

आता या पाड्यावरच्या आजारी माणसाचा प्रवास पाहा. आधी प्राथमिक आरोग्य केंद्र. तेथून शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय. तेथे तज्ज्ञ नसला की ठाणे. ठाण्यात खाट नसली की कळवा, नाहीतर मुंबईचे सायन, केईएम. मुरबाडकरांचा रस्ता उल्हासनगरवरून, आणि मुरबाडला तर अजून रेल्वेही पोहोचलेली नाही. कसाऱ्याहून ठाणे लोहमार्गाने 85 किलोमीटरहून अधिक. प्रत्येक टप्प्यावर एक नवी चिठ्ठी मिळते. तिच्यावर एकच शब्द: रेफर. आपल्या सरकारी आरोग्यसेवेचे हेच खरे औषध झाले आहे.

ऑगस्ट 2023 मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात 24 तासांत 18 रुग्ण दगावले. महाराष्ट्र हादरला. मुख्यमंत्र्यांच्याच शहरात हे घडले. तेव्हा प्रशासनाचे म्हणणे काय होते? अनेक रुग्ण गंभीर अवस्थेत, शेवटच्या क्षणी आणले गेले. आमचा सवाल एवढाच आहे: ते उशिरा का आले? गरीब माणूस हौसेने उशिरा येतो काय? ज्याला तीन दारांवरून परत पाठवले, तो चौथ्या दारात उशिराच पोहोचणार. ‘उशिरा आणला’ हा व्यवस्थेचा बचाव नव्हे, तो तिच्याविरुद्धचा पुरावा आहे.

यात आणखी एक मेख आहे. कळव्याचे रुग्णालय ठाणे महापालिकेचे. जिल्ह्यात सहा महानगरपालिका, आणि त्यांचा पैसा आपापल्या हद्दीसाठी. शहापूरचा मतदार ठाण्याच्या महापौराला जाब विचारू शकत नाही. सगळ्या जिल्ह्याचे म्हणावे असे रुग्णालय म्हणजे ठाण्याचे शासकीय जिल्हा रुग्णालय. सुपर स्पेशालिटी इमारतीसाठी ते 2023 मध्ये मनोरुग्णालयाच्या आवारात हलवले गेले. नवी इमारत हवीच. पण जुनी पाडण्याआधी शहापूर-मुरबाडच्या रुग्णांची सोय कुठे करायची, याचा विचार त्यांच्याच तालुक्यात करायला नको होता काय?

कोरोनाच्या साथीत हेच उघडे पडले. मे 2021 मध्ये 18 ते 44 वयोगटाचे लसीकरण सुरू झाले, तेव्हा नोंदणी फक्त कोविन संकेतस्थळावर होती. ज्याच्याकडे चांगला मोबाइल आणि वेगवान इंटरनेट, त्याला वेळ मिळाली. शहरातली माणसे गाड्या काढून ग्रामीण केंद्रांवर लस घेऊन गेली आणि गावची माणसे पाहत राहिली. पाणी शहराला, लसही शहराला! त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयालाही केंद्राला विचारावे लागले की ज्यांच्याकडे ही साधने नाहीत त्यांचे काय? आणि ज्या आशाताई दारोदार फिरून साथ अडवत होत्या, त्यांना योग्य मोबदल्यासाठी जून 2021 मध्ये संपावर जावे लागले.

साथ आली की समाजाची खरी पारख होते. 1897 च्या पुण्यातील प्लेग म्हटले की शाळेच्या पुस्तकातून रँड आणि चाफेकर आठवतात. पण त्याच साथीत मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला पाठीवर घेऊन डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात पोहोचवणाऱ्या सावित्रीमाई आठवतात किती जणांना? 10 मार्च 1897 रोजी प्लेगनेच त्यांचा बळी घेतला. त्यांनी कुणाला रेफर केले नाही. उचलले आणि नेले.

बाबासाहेबांच्या संविधानातील कलम 47 सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानते. पश्चिम बंगालच्या एका शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी दाखल करून घेतले नव्हते, त्या प्रकरणात 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की तातडीचे उपचार नाकारणे हा कलम 21 चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा भंग आहे. आणि पैशाची सबब राज्याला सांगता येणार नाही. कसाऱ्याच्या कातकऱ्याचा आणि त्या शेतमजुराचा हक्क एकच आहे. उपचार ही कुणाची मेहेरबानी नव्हे.

म्हणून कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे. दवाखान्याच्या काचा फोडून काही मिळत नाही, उलट आपल्याच पोरांवर गुन्हे दाखल होतात आणि आहे तो डॉक्टरही बदली मागतो. त्यापेक्षा प्रत्येक रेफर चिठ्ठीवर कारण आणि वेळ लिहून मागा. तिची प्रत ठेवा. मंजूर पदे किती, भरलेली किती, हे माहितीच्या अधिकारात विचारा आणि उत्तर ग्रामसभेत मोठ्याने वाचा. रुग्ण कल्याण समितीत आपला माणूस बसवा. पावसाळ्याआधी पाणी तपासले की नाही, याचा जाब ग्रामपंचायतीला विचारा. वर्षभराच्या चिठ्ठ्या एकत्र करून जिल्हा परिषदेवर मोर्चा न्या आणि अध्यक्षांच्या टेबलावर त्यांचा ढीग ठेवा. पाड्यावरचा माणूस उशिरा का पोहोचला, याचे उत्तर त्या ढिगातच असेल.