जनुकात दोष, म्हणून गाठ होणारच?

पिट्युटरी ही मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी ग्रंथी. घरात कुणाला तिची गाठ निघाली की दोन मते हमखास कानी येतात. एक म्हणते, हे रक्तातच आहे, मुलांनाही होणार. दुसरे म्हणते, जनुकाची तपासणी म्हणजे पैसे देऊन विकत घेतलेला घोर. दोन्ही मते चूक आहेत.

पहिल्या मताचा मोठा आधार म्हणजे 'आयरिश जायंट' चार्ल्स बर्न. पिट्युटरीच्या गाठीमुळे साडेसात फुटांहून उंच झालेला हा माणूस 1783 मध्ये लंडनमध्ये वारला, तेव्हा त्याचे वय अवघे बावीस होते. 2011 मध्ये त्याच्या दातांतल्या डीएनएत 'एआयपी' जनुकातला दोष सापडला. तोच दोष उत्तर आयर्लंडमधल्या आजच्या चार कुटुंबांतही आढळला. पुरावा बिनतोड, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा. तिथल्या मिड-अल्स्टर भागात साधारण दीडशे माणसांमागे एकाकडे हा दोष असतो. दोष म्हणजे गाठच असती, तर त्या गावांत गल्लोगल्ली राक्षसी उंचीची माणसे दिसली असती. प्रत्यक्षात अशा कुटुंबांतही दोष असलेल्यांपैकी ढोबळमानाने पाचांतल्या एकालाच गाठ होते. शिवाय पिट्युटरीच्या एकूण गाठींत घराण्यातून आलेल्या गाठी सुमारे पाच टक्केच. वाढीचे संप्रेरक अतोनात सोडणाऱ्या कित्येक गाठींत 'जीएनएएस' जनुक बिघडलेले असते. पण हा बिघाड बहुधा जन्मानंतर गाठीच्याच पेशींत घडतो. आईवडिलांकडून तो आलेला नसतो, मुलांकडे जातही नाही.

मग तपासणी निरर्थक ठरते का? मुळीच नाही. एआयपीतल्या दोषामुळे होणाऱ्या गाठी बहुतेक कोवळ्या वयात येतात, आकाराने मोठ्या असतात आणि नेहमीच्या इंजेक्शनांना नीट दाद देत नाहीत. म्हणूनच त्या लवकर सापडण्याला मोल आहे. दोष ठाऊक असलेल्या नातेवाइकांची उंची, संप्रेरके आणि गरजेप्रमाणे एमआरआय पाहत राहिले, तर गाठ लहान असतानाच हाती लागते आणि उपचारांना अधिक यश येते. ज्याच्याकडे घराण्यातला दोष उतरलेलाच नाही, त्याची या फेऱ्यांतून कायमची सुटका होते. घोर वाढवणारी म्हणून जिची निंदा होते, ती तपासणी निम्म्या भावंडांचा घोर उतरवू शकते.

अर्थात सरसकट सगळ्यांच्या रक्ताची तपासणी करण्यातही शहाणपण नाही. लहानपणीच उंची बेसुमार वाढलेली मुले, तिशीच्या आत मोठी गाठ निघालेले रुग्ण, एकाच कुटुंबात दोघांना गाठ, किंवा गाठीबरोबर रक्तात कॅल्शियम वाढलेले असेल तर 'मेन-वन' जनुकाची शंका : अशांसाठी ती आहे. तीही जनुकीय समुपदेशकाशी बोलून करावी, कारण जनुकातला प्रत्येक बदल घातक नसतो. अहवालातून भविष्य कळत नाही; कुणावर लक्ष ठेवायचे आणि कुणाला निर्धास्त सोडायचे, हे मात्र कळते. डॉक्टरला आणि कुटुंबाला नेमके तेच हवे असते.